मेला की रिमोट द्यायचा

चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत बसून ती दिवसभर काचा घासायची, आणि काचा घासता घासता नव्या व्हिडिओ गेमना नावं ठेवायची. दोन्ही कामं ती सारखंच मन लावून करी. गल्लीत तिला सगळे चष्मेताई म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, केसांत पांढरी रेघ, गळ्यात दोरीला लटकलेला स्वतःचा चष्मा, जो डोळ्यांवर क्वचितच चढे. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही हो, तिसरी लेव्हल फार अवघड होती." विचारणारा गोंधळायचा आणि विषय तिथेच संपायचा.

लहानपणी आई ओरडायची, त्या टीव्हीत डोळे घालून बसलीस तर जन्म चष्म्यात जाईल. आईचं म्हणणं खरं झालं. फक्त चष्मे दुसऱ्यांचे होते.

दुकानाचे मालक सज्जन गृहस्थ. ऐकून घेणं हा आपल्या धंद्याचा निम्मा भाग आहे असं ते मानत, आणि चष्मेताई तो निम्मा भाग पुरेपूर वसूल करी.

"मालक, तुम्हाला कोणी जेवायला बोलावलं," ती फ्रेममध्ये काच दाबत म्हणाली, "तुम्ही वेळेवर गेलात, आणि यजमान दारातच म्हणाला, जरा उभे राहा, स्वयंपाकघर नवीन करतोय. काय कराल?"

"उभा राहीन. भूक असेल तर राहावंच लागतं."

"नव्या गेमचं तसंच आहे. लावला की आधी स्वतःला अपडेट करत बसतो. मग नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो, पासवर्ड मागतो. अहो, मला उड्या मारायच्यात, पासपोर्ट नाही काढायचा."

"मग आत गेल्यावर तरी मजा येत असेल."

"आत गेल्यावर एक बाण दिसतो. इकडे जा. गेले. शाबास. दार उघडा. उघडलं. शाबास. दार उघडल्याबद्दल शाबासकी मला बालवाडीतही मिळाली नव्हती."

मालकांनी मान हलवली आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. चष्मेताईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला उत्तर नको असे, फक्त कान हवा असे.

ती अन्यायाने मात्र बोलत नसे. नव्या खेळांतलं पाणी तिला मनापासून आवडायचं. लाटेवरून सरकणारा उजेड पाहून म्हणायची, ज्याने हे काढलं त्याचे डोळे चांगले आहेत. आणि जुने सगळे सोन्याचे होते असंही नाही. निम्मे रद्दी होते. एका मोटारीच्या खेळात मोटार डावीकडे वळतच नसे. एकात शेवटचा राक्षस मारला की तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, बक्षीस नाही, निरोप नाही. तिच्या मते तो खेळ नव्हता, सासुरवास होता.

पण जुन्या चांगल्या खेळांचा एक गुण तिला नव्यांत सापडत नव्हता, आणि त्यावर ती सर्वांत जास्त चिडायची. "गेमने मला प्रामाणिकपणे मारावं," ती म्हणायची. "मी चुकले तर मेले. नाही चुकले तर नाही मेले. एवढा सरळ हिशेब जगात दुसरीकडे कुठे मिळतो? आणि हे नवे काय करतात? पडायला लागलं की झेलतात. मग मी आत आहे कशाला? शोभेला?"

हे सगळं ती शिकली होती धाकट्या भावाबरोबर, एका चौकोनी डब्यावर. डबा टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खोचायची, चित्र नाही आलं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने खरंच काही होतं का, हे दोघांनाही कधी कळलं नाही, पण फुंकर न मारता खेळणं म्हणजे हात न धुता जेवणं. डब्याबरोबर दोन रिमोट आले होते. पैकी एकावर आईचा पाय पडला. उरला एक, आणि त्यातून घराचा नियम जन्माला आला : मेला की रिमोट द्यायचा. रडायचं नाही, "आता एकदाच" म्हणायचं नाही, बटण अडकलं होतं म्हणायचं नाही. मेला की द्यायचा.

त्यांच्या लाडक्या कॅसेटवरचं चित्र केव्हाच निघून गेलं होतं. खेळाचं खरं नाव काय, हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं. काळोख्या गुहेतून एक माणूस कंदील घेऊन चालतो, कंदिलाभोवती दिसेल तेवढंच जग, बाकी काळं. म्हणून तो कंदीलवाला. वाटेत खड्डे, दुसऱ्या लेव्हलला एक तुटका पूल. तीन जीव, आणि मध्येच खेळ जपून ठेवायची सोय नाही. डबा बंद केला की सगळं पहिल्यापासून.

कंदीलवाल्यात सगळे उजवीकडे पळत, कारण वाट उजवीकडेच होती. चष्मेताई आधी डावीकडे जाऊन पाही. बहुतेक वेळा तिथे भिंत असे. पण एकदा भिंतीत शिरता आलं, आत एक जादा जीव ठेवलेला होता, आणि तेव्हापासून दुनिया कुठेही पळो, ती आधी डावीकडे बघू लागली. भावाला तेवढा धीर नव्हता. तो सुरुवात होताच सुसाट उजवीकडे सुटे आणि पहिल्याच खड्ड्यात जाई. आईने त्याचं नाव पडू ठेवलं. नाव चिकटलं. मिसरूड फुटली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी ताईसाठी तो पडूच राहिला.

मोठेपणी पडू पाट्या रंगवू लागला. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर त्याचं अक्षर होतं. चष्म्याच्या दुकानाची पाटीही त्याचीच. कॉम्प्युटरवरच्या छापील पाट्या आल्या तेव्हा तो म्हणाला, "त्यात अक्षर चुकतच नाही, मग ते हाताने काढलंय हे कळणार कसं?" भाऊबहिणींची मतं अशी एकाच साच्यातली होती. आठवड्यातून एकदा तो ताईच्या खोलीवर येई, दोघं कंदीलवाला लावत, मरत, रिमोट देत घेत, आणि नव्या जगाच्या नावाने बोटं मोडत.

मग एके दिवशी शिडीवर उभा असताना त्याच्या हातातला ब्रश गळला. खाली पडलेला ब्रश उचलायला तो उतरला आणि उतरता उतरताच कोसळला. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, उजवा पाय बऱ्यापैकी सावरला, उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. बोलणं आलं, पण शब्द चालत्या बसमध्ये चढणाऱ्या माणसांसारखे, एकेक करून.

त्या दिवसापासून चष्मेताईच्या तोंडून पडू हे नाव निघेना. ती त्याला नुसतं "अरे" म्हणू लागली.

व्यायाम शिकवायला येणारी बाई स्पष्ट बोलणारी होती. "हात जितका कामात राहील तितकी आशा," तिने सांगितलं. "आत्ता तुम्ही त्याला सोडलंत तर तो तुम्हाला कायमचा सोडेल. चेंडू दाबा, कणीक तिंबा, आवडेल ते करा, पण करा." पडूने चेंडू एकदा दाबला, तो घरंगळत कपाटाखाली गेला, आणि त्याने तो पुन्हा मागितला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो समोरच्या भिंतीकडे पाही. भावजय सकाळी दातांच्या दवाखान्यात कामाला जाई, दुपारी येऊन त्याला भरवी. तो डाव्या हाताने खाऊ शकत होता. पण सांडलं की चिडे, म्हणून ती भरवी. भरवलं की त्याहून जास्त चिडे.

चष्मेताई रोज संध्याकाळी दुकानातून थेट तिकडे जाई. तिला एवढंच हवं होतं : त्याने काहीतरी हातात घ्यावं. काहीही. ते होत नव्हतं, आणि तिचा राग कुठेतरी निघायला हवा म्हणून तो नव्या खेळांवर निघत होता. बिचारे मालक.

अशात भाचीने नवा डबा आणला. भाची कुरियरच्या ऑफिसात कामाला, बापावर जीव. "आत्या, ह्यात एक सोय आहे," ती उत्साहाने म्हणाली. "ज्यांना हात नीट वापरता येत नाही त्यांच्यासाठी. मदत चालू केली की गेम स्वतःच सांभाळून घेतो. बाबा एका हाताने खेळू शकतील."

"सांभाळून घेतो म्हणजे?"

"म्हणजे पडू देत नाही."

चष्मेताईच्या जिभेवर बरंच काही आलं. पण तिने ते गिळलं, कारण पडूची मान पहिल्यांदाच भिंतीकडून वळली होती.

आधी अर्थातच अपडेट झाला. मग भाचीने जन्मतारखा भरल्या. मग पडद्यावर जंगल उगवलं, एकेक पान वेगळं, पानांवर दव. एक छोटा कोल्हा नायकाच्या खांद्यावर बसून बोलत होता, आणि तो गप्प बसतच नव्हता.

"पुढे जा," कोल्हा म्हणाला. पडूने डाव्या अंगठ्याने कळ ढकलली. नायक पुढे गेला. "छान," कोल्हा म्हणाला.

दरी आली. नायक आपणहून उडाला, पलीकडे आपणहून उतरला. "कमाल केलीस," कोल्हा म्हणाला.

"ह्याच्या तोंडात बोळा कोंबायची काही सोय आहे का?" चष्मेताईने विचारलं.

"आत्या, थांब ना. बाबा खेळतायत."

पडू आणखी दोन दऱ्या गेला. मग त्याने मुद्दाम कळ मागे ढकलली आणि नायकाला कड्यावरून खाली टाकायचा प्रयत्न केला. नायक काठावर थबकला, हात पसरून तोल सावरला आणि परत आला. "काळजी घे," कोल्हा म्हणाला. पडूने पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. त्याने रिमोट मांडीवरून खाली ठेवला.

"पडू... देत... नाही," तो म्हणाला. मग बायकोकडे आणि मुलीकडे बघून, "घरातल्यांसारखाच."

भाचीने कोल्हा बंद केला आणि आत जाऊन भांडी आवरू लागली, जरा जास्तच आवाज करत.

चष्मेताईला तिची दया आली, पण खोटं कशाला, आतून बरंही वाटलं. भावाचं मत अजून जागेवर होतं. दुसऱ्या संध्याकाळी ती जुना चौकोनी डबा पिशवीत घालून घेऊन आली.

भिंतीवरच्या पातळ टीव्हीला जुन्या वायरी लागेनात. भाचीने कुठूनतरी जोडणी आणली. कंदीलवाला दिसला, पण चोळामोळा झालेला, कडा पसरलेल्या. आणि त्याहून वाईट म्हणजे बटण दाबल्यावर तो जरा विचार करून उडायचा. नव्या टीव्हीला जुनं चित्र पचवायला क्षणभर लागतो, आणि खड्ड्याच्या काठावर तेवढा क्षण पुरे. चष्मेताई, जिला पहिला खड्डा म्हणजे घराचा उंबरा, ती तीनदा आत गेली.

"मी आज दाबतेय आणि हा उद्या उडतोय," ती म्हणाली. "हा टीव्ही आहे की पोस्टखातं?"

तिने स्वतःचा जुना ठोकळ्यासारखा टीव्ही आणायचं ठरवलं. मालकांनी गाडी दिली, गाडीबरोबर पाठही दिली, आणि नंतर ती पाठ धरून दोन दिवस दुकानात बसले. भावजय दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"वन्सं, हे धूड ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यावर?"

"स्टुलावर मावेल गं. थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणत म्हणत डबा आला, मग दुसरा डबा आला, आता हे. उद्या तुम्ही स्वतः या बिऱ्हाड घेऊन."

पण स्टूल तिनेच पुसून दिलं.

आता कंदीलवाला जसा हवा तसा उडू लागला. चष्मेताईने कॅसेटमध्ये फुंकर मारली होती, चित्र येत असूनही. रिमोट तिने पडूच्या मांडीवर ठेवला. "तू आधी," ती म्हणाली.

जुन्या रिमोटची रचना साधी : डाव्या अंगठ्याला दिशा, उजव्या अंगठ्याला उडी. पडूचा डावा अंगठा दिशेवर गेला, कंदीलवाला सवयीने उजवीकडे सुटला. खड्डा आला. उडीसाठी त्याने डावा हात पलीकडे नेला, तोवर कंदीलवाला दिशेविना थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा हात नेला, उडी बसली ती जागच्या जागी, सरळ वर आणि सरळ खाली. मेला. त्याने रिमोट ताईकडे सरकवला. नियम होता.

ती खेळू लागली. डावीकडे बघून आली, मग पहिला खड्डा, दुसरा, वटवाघळं, दुसरी लेव्हल, पूल. वेळ जाऊ लागला. तिच्या लक्षात आलं की ती मरतच नाहीये, आणि ती मेल्याशिवाय त्याची पाळी येत नाहीये. पडू नुसता बघत होता, भिंतीकडे बघायचा तसाच. शेवटी ती मेली, त्याने रिमोट घेतला, पहिल्या खड्ड्यात गेला, आणि रिमोट परत.

असे काही दिवस गेले. त्याच्या वाट्याला श्वासभर खेळ, तिच्या वाट्याला संध्याकाळ. मग एका संध्याकाळी, तुटक्या पुलाच्या शेवटच्या फळीवर, चष्मेताईचा अंगठा जरा उशिरा पडला. कंदीलवाला कंदिलासकट खाली गेला.

"अरेरे," ती म्हणाली आणि रिमोट पुढे केला. "घे."

पुढच्या वेळी ती आणखी आधीच मेली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा पुलावर.

पडूने रिमोट घेतला नाही. तो तिच्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत त्याने कोणाकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"तू... या पुलावरून," तो म्हणाला, "डोळे बांधून... गेली होतीस."

ते खरं होतं. लहानपणी पैज लागली होती, आणि त्याने स्वतः आईच्या ओढणीने तिचे डोळे बांधले होते.

"तेव्हा लहान होते. आता हात पूर्वीसारखे चालत नाहीत," ती म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला वाटलं, तोंड शिवून घ्यावं.

"तुझे... चालतात." त्याचा चेहरा लाल झाला. शब्द आता बसची वाट न बघता धावत सुटले, अडखळत, एकमेकांवर आदळत. "कोल्ह्याला शिव्या देतेस. झेलतो म्हणून. तू काय करतेस? तू कोल्हा आहेस. मोठी... कोल्हीण."

"मी तुला खेळायला मिळावं म्हणून..."

"मला भीक नको." त्याने डाव्या हाताने रिमोटची वायर ओढली. डबा स्टुलावरून हलला, पडद्यावर पट्टे आले आणि सगळं काळं झालं.

भावजय आतून धावत आली. चष्मेताई उठली, पायात चप्पल सरकवली आणि निघून गेली. जिन्यात ती स्वतःशी पुटपुटत होती. रागातली मोठी अडचण अशी की तो बरोबर बोलला होता. सगळ्या जगाला जो नियम सुनावत ती हिंडत होती, तोच तिने मोडला होता, आणि तोही वाईट रीतीने. फसवायचंच होतं तर निदान तो पूल निवडायला नको होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका बाईंची डावी काच उजव्या बाजूला बसवली. बाई चष्मा लावून दाराकडे निघाल्या आणि दार समजून आरशाला ढकलू लागल्या. मालक म्हणाले, "ताई, आज गेमबद्दल काही बोलला नाहीत."

"काही बोलण्यासारखं राहिलं नाही. नवे वाईट आहेत, जुने वाईट आहेत, आणि खेळणारे त्याहून वाईट आहेत."

मालकांनी तिच्या पुढ्यातली दुसरी काच हळूच उचलून स्वतःकडे घेतली.

ती तिकडे गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग सुट्टीच्या दिवशी दुपारी ती टीव्ही परत आणायचा असं ठरवून निघाली. नकोच ते. डबाही नको, कॅसेटही नको. व्यायामवाल्या बाईने आणखी काही सुचवलं तर बघू.

भावजयीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "जेवण झाल्यापासून तिथेच बसलेत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्याकडून डबा लावून घेतला. मी फुंकर मारली नाही म्हणून ओरडले. वन्सं, मला वाटलं होतं हे सगळं खूळ तुमच्या एकटीचं आहे."

आत पडू ठोकळ्या टीव्हीसमोर पुढे वाकून बसला होता. रिमोट मांडीवर, उजवा हात त्याखाली उशीसारखा घातलेला, आणि डावा हात दिशेवरून उडीवर, उडीवरून दिशेवर, भर दुपारी घरात शिरलेल्या चिमणीसारखा. पडद्यावर कंदीलवाला खड्ड्याच्या अलीकडे उभा होता. तो अर्धवट उडाला, पडला, मेला. पडूने एक शिवी दिली, जी त्यांच्या आईने ऐकली असती तर दोघांनाही उपाशी ठेवलं असतं.

"मी टीव्ही न्यायला आलेय," चष्मेताई म्हणाली.

"ने. हा शेवटचा जीव... संपू दे."

"तो संपलाच समज. दे इकडे." तिने उजव्या बाजूने रिमोट धरला.

"अजून मेलो नाही," पडू म्हणाला. त्याने डावी बाजू सोडली नाही. "मेला की... द्यायचा. आधी नाही."

"अरे, तुझा हात..."

"अजून. मेलो. नाही."

दोघांनी रिमोट दोन बाजूंनी ओढून धरला. ओढाओढीत त्याचा अंगठा दिशेवर दाबला गेला आणि कंदीलवाला चालू लागला. दोघंही भांडत होते, पडद्याकडे लक्ष नव्हतं. पण चष्मेताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात खड्डा आला, आणि खड्डा आला की तिचा अंगठा तिला न विचारता पडे. आजही पडला.

कंदीलवाला उडाला. खड्ड्यावरून पलीकडे गेला आणि चालत राहिला, कारण पडूचा अंगठा अजून दाबलेलाच होता.

दोघांचीही नजर पडद्याकडे वळली. समोर दुसरा खड्डा येत होता.

"आता," पडू म्हणाला.

"मला कळतं," ती म्हणाली आणि उडी मारली. लवकर. कंदीलवाला काठाला डोकं आपटून खाली गेला.

"लवकर मारलीस."

"तू वेग कमी केलास. मी नेहमीच्या वेगावर मारली."

"माझा वेग... हाच आहे. आता."

ती खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसली, खांद्याला खांदा लागेल अशी. त्याचा उजवा हात रिमोटखाली दबला होता. तो तिने काढून सरळ केला आणि त्याची बोटं रिमोटच्या कडेवर वाकवून बसवली. "हा इथेच राहील. नुसता धरायला. सुटला तर मी बघणार नाही, रिमोट खाली पडेल." बोटं थरथरली, पण राहिली. तिने वरून हात ठेवला नाही. कोल्हीण म्हटलेलं विसरली नव्हती.

नवा खेळ सुरू झाला. "आधी डावीकडे," ती म्हणाली.

"दिशा माझ्याकडे आहे." तो सुसाट उजवीकडे सुटला.

"लहानपणापासून सांगतेय, आधी..."

"उडी. उडी मार."

त्यांनी पहिला खड्डा ओलांडला, दुसऱ्यात पडले. एकमेकांना दोष दिला. पुन्हा दुसऱ्यात पडले. तिला वेड लागायची पाळी आली. जी उडी तिच्या रक्तात होती ती आता उपयोगाची नव्हती. कंदीलवाला तिच्या पायांनी चालत नव्हता, दुसऱ्याच्या चालत होता, आणि ते पाय थांबत, अडखळत, मध्येच उगाच धावत. उडी कधी मारायची हे खड्डा बघून कळत नव्हतं, शेजारचा श्वास ऐकून कळत होतं. हे कुठल्याही गेममध्ये तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तिला शिकायचंही नव्हतं. आपण या वयात पहिल्या लेव्हलवर मार खातोय याची तिला मनस्वी चीड येत होती.

पुढच्या जिवाला पडूने न सांगता कंदीलवाल्याला डावीकडे नेलं. भिंत होती. "बघ," तो म्हणाला. "भिंत."

"बघितलं तर कळलं ना, भिंत आहे ते."

वटवाघळांपर्यंत पोचले. तिथे त्याची बोटं सुटली, रिमोट कलंडला, आणि तिसरा जीव गेला. पडूने सवयीने रिमोट पुढे केला. मग दोघंही थांबले. द्यायचा कोणाला? दोघंही मेले होते.

"मेला की द्यायचा ना?" दारातून आवाज आला. भावजय कधीची चौकटीला टेकून उभी होती, हात पदराला पुसत. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. इतक्या वर्षांत मेलं कोणी की एकमेकांनाच देता. आज दोघंही मेलात. आणा इकडे."

"तुला... येतं का?" पडूने विचारलं.

"तुम्हाला तरी कुठे येतंय?"

तिने रिमोट घेतला, उलटा धरला. चष्मेताईने तो सुलटा केला. भावजयीने एक दीर्घ श्वास घेतला, जणू पोहायला उतरतेय, आणि कंदीलवाल्याला घेऊन निघाली. उडी मारताना ती स्वतःही खुर्चीत उडाली. कंदीलवाला मात्र जमिनीवरून चालत चालत थेट पहिल्या खड्ड्यात गेला.

पडूच्या वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी निसटलं, जे त्या घराने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"हसू नका," भावजय म्हणाली. "बटण अडकलं होतं."

"ते म्हणायचं नाही," चष्मेताई म्हणाली. "नियम आहे. आणि उडी अंगठ्याने मारतात गं, बुडाने नाही. घरात एक पडू होता तो काय कमी होता?"

नाव तोंडातून निघून गेलं होतं. तिने भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, पुढे वाकून, डावा हात पसरून.

"मेली ना?" तो म्हणाला. "मग... दे."

भावजयीने रिमोट दिला. त्याने तो डाव्या हाताने मांडीवर ठेवला, मग डाव्यानेच उजवा हात उचलून कडेवर आणला. बोटं वाकवायला बराच वेळ लागला. चष्मेताईने मदत केली नाही. ती उडीच्या बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसली, आणि वाट बघणं तिला कधीच आवडलं नव्हतं.

"आटप लवकर," ती म्हणाली. "अपडेट होतोयस की काय?"